तिसऱ्याचा दम

हँडल मारलं की कळतं.
गेज नंतर, मनगट आधी.
दोन वेढ्यांत चार दम यायला पाहिजेत,
तीन आले. चौथ्याच्या जागी
हँडल फुकट फिरलं,
बिनपाण्याच्या रहाटासारखं.

चौगुले डॉक्टरीणबाई शेडच्या दारात.
जनावरांच्या डॉक्टर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली
तरी जीपला अजून फिनेलचा वास,
मागच्या बाकाखाली दाव्याचा तुकडा.
दाजीपूरच्या अंगाला, जिथं रस्ता नुसता नावाला,
तिथं ही जीप पोचायची
आणि अडलेली म्हैस सुटायची.
"गगनबावड्याचा घाट चढंना आता," म्हणाल्या,
"भंगारवाला चाळीस हजार देतो म्हणतोय."
म्हटलं, आधी तपासू.
तुम्ही तरी हात न लावता इंजेक्शन दिलं असतं का?

शेजारी लेथ चालू. पलीकडच्या फौंड्रीची काळी माती
उद्यमनगरात सगळ्यांच्या चहात असते.
प्लग काढून ओळीनं मांडले.
थ्रॉटल सताड उघडा.
"बाळू, मार सेल्फ."
एक, एकशे पाच.
दोन, शंभर.
तीन, पंचावन्न.
चार, एकशे दोन.
भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं, जिथं उधारी लिहितो तिथंच.

तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडलं.
रिंगा झिजल्या असत्या तर काटा वर पळाला असता.
अठ्ठावन्न.
रिंगा नव्हेत.
दोन्हीकडचे शेजारी धडधाकट, म्हणजे गास्केट नव्हे.
मग पिस्टन वर आणून, प्लगच्या भोकातनं
कॉम्प्रेसरची हवा भरली
आणि आम्ही तिघं गप्प राहिलो.
कार्बोरेटर गप्प.
ऑइल ओतायचं तोंड गप्प.
सायलेन्सरच्या शेपटाशी बाळूनं तळवा धरला,
"मामा, हितनं फुंकतंय."

बाजूचं झाकण खोललं.
टॅपेटच्या फटीत सोळाचं पातं जाईना.
दहाचं जाईना.
दीडाचं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं, तेही अडलं.
आणि नटावर लाल ठिपका.
काम झालं की मी लावतो तो,
नखांच्या रंगाचा, माझा.

दोन वर्षांमागं ह्याच बाई, ह्याच दारात,
"तेवढी टिकटिक घालवा, डोकं उठतं."
मी घालवली.
आवळला टॅपेट. गाडी मुकी झाली,
मी शाबासकी घेतली, वर चहा.
तापला की व्हॉल्व्हचा दांडा वाढतो.
वाढायला त्याला जागा लागते,
सोळा थाऊ, नखाच्या कडेएवढी.
ती मी खाल्ली.
दोन वर्षं त्याचं तोंड नीट मिटलंच नाही,
दर भडक्याला कड भाजत राहिली,
आवाज मात्र कसलाच नाही.

रिबोअर करू म्हटलं असतं तर खपलं असतं.
झाकण माझ्या हातात, ठिपका मलाच कळणारा.
बाळू पान्याला उगाच फडकं मारत होता.
"बाई," म्हटलं, "हे माझ्या हातचं आहे."

हेड उतरवलं. बाईंनी तो व्हॉल्व्ह तळव्यावर घेतला,
काळी कड अंगठ्यानं चाचपली,
वासराचे दात बघावेत तशी.
"हंबरते तिची काळजी नसते हो.
गोठ्यात गप्प बसलेली असते
तिच्याकडं आधी जायचं.
चौतीस वर्षं हेच केलं मी,
आणि तुम्हाला सांगितलं काय, तर आवाज बंद करा."

चार दिवस लागले.
पेस्ट लावून, दोन तळव्यांत दांडी घुसळत,
कड सीटवर एकसारखी राखाडी उमटेपर्यंत.
मग सोळाचं पातं, सरकेल असं, किंचित अडेल असं.
तीन, अठ्ठ्याण्णव.
एकशे पाच नाही. होणारही नाही.
भिंतीवरचं पंचावन्न खोडलं नाही, शेजारी लिहिलं.

बाई निघाल्या. कोपऱ्यावर वळेपर्यंत
टिक टिक टिक.
बाळू माझ्याकडं बघून, "मामा, वाजतंय की वो."
मी लाल बाटलीचं झाकण लावलं.
ठिपका द्यायचा राहिलाच होता.